शनिवारी संध्याकाळी निघाला आणि शनिवारी सकाळीच पोचला, हे कसं?

निपाणीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, त्यांच्या भावानं माझा नंबर दिला म्हणे. मुलगा कॅलिफोर्नियात नोकरीला, जानेवारीत ऑफिसच्या कामानं न्यूझीलंडला जाऊन आला. येताना ऑकलंडहून शनिवारी संध्याकाळी साडेसातला विमानात बसला आणि सॅन फ्रान्सिस्कोत उतरला तर शनिवार सकाळचे साडेदहा. म्हणजे निघायच्या आधीच पोचला. आणि जाताना उलटं झालं, शनिवारी रात्री निघून सोमवारी सकाळी उतरला, रविवार कुठं गेला ते कळलंच नाही. ताईंनी विचारलंय की ही तारीख रेषा म्हणजे नेमकी काय भानगड आहे, ती कुणी ओढली, आणि शेवटी हळूच असंही विचारलंय की सुनेनं तिकडं एकादशी आपल्या दिवशी धरायची की तिथल्या.

आधी विमानाचा हिशोब करून टाकू. जानेवारीत न्यूझीलंड जीएमटीच्या, म्हणजे लंडनजवळच्या ग्रीनिचच्या घड्याळाच्या, १३ तास पुढं असतंय आणि कॅलिफोर्निया ८ तास मागं. फरक झाला २१ तास. विमानाला साधारण १२ तास लागले, म्हणजे उतरताना ऑकलंडमध्ये रविवार सकाळचे साडेसात झालेले. त्यातून २१ तास वजा करा, शनिवार सकाळचे साडेदहा. झालं. पण २१ वजा करण्यापेक्षा मी हे वेगळ्या तऱ्हेनं सांगतो, ते डोक्यात जास्त पक्कं बसतंय: घड्याळ ३ तास पुढं, तारीख १ दिवस मागं. हे दोन वेगळे व्यवहार आहेत, ते एकत्र केले की माणूस गोंधळतोय. घड्याळ का पुढं आणि तारीख का मागं, हे कळलं की सगळं कळलं.

मी मर्चंट नेव्हीत होतो, बरीच वर्षं सेकंड ऑफिसर. जहाजावर सेकंड ऑफिसर म्हणजे नकाशे, मार्ग आणि घड्याळं सांभाळणारा माणूस. रात्री १२ ते ४ आणि दुपारी १२ ते ४ ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, त्याचा वॉच, म्हणजे पाळी. पॅसिफिक किती वेळा ओलांडला ते मोजलं नाही, पण जेवढ्या वेळा ओलांडला तेवढ्या वेळा लॉगबुकात, म्हणजे जहाजाच्या रोजनिशीत, तारीख फिरवायचं काम माझ्याच हातानं झालंय. आता रिटायर होऊन बेळगावात टिळकवाडीत बसलोय, पण घरात एक घड्याळ अजून जीएमटीवर आहे आणि त्यावरून बायकोची बोलणी रोज खातोय.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटं. एवढं एकच गणित पाठ पाहिजे. आपलं बेळगाव साधारण साडेचौऱ्याहत्तर पूर्व रेखांशावर, आणि भारताचं घड्याळ लागतं ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशीवर. मध्ये ८ अंश, म्हणजे ३२ मिनिटं. त्यामुळं बेळगावात घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य डोक्यावर नसतोच, तो सरासरी १२ वाजून ३२ मिनिटांनी मध्यावर येतोय. सरासरी म्हटलं कारण वर्षभर ते थोडं मागंपुढं होतं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या आसपास आणि फेब्रुवारीच्या मध्यात पाऊण वाजायला होतो. अंगणात काठी उभी करा आणि तिची सावली सगळ्यात आखूड कधी होते ते बघा, मी नातवाला घेऊन गच्चीवर केलंय, पोरगं खूश झालं. सांगायचं काय, तर मनगटावरचं घड्याळ सूर्याचं नसतंय, सरकारनं ठरवलेलं असतंय. आपल्या गावाचा खरा वेळ वेगळा, तो आपण सगळ्यांच्या सोयीसाठी सोडून दिलाय.

पूर्वी सोडलेला नव्हता. ज्याच्या त्याच्या गावचा सूर्य आणि ज्याचा त्याचा बारा. बैलगाडीला आणि टांग्याला त्यानं काही फरक पडत नव्हता, रेल्वे आली आणि पंचाईत झाली. अमेरिका-कॅनडातल्या रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ ला आपापसात वेळेचे पट्टे, म्हणजे टाइम झोन, ठरवून टाकले, सरकारची वाट बघितली नाही. आपल्याकडं रेल्वे मद्रास टाइमवर चालायच्या, जो जीएमटीच्या ५ तास २१ मिनिटं पुढं. मुंबईचा स्वतःचा टाइम ४ तास ५१ मिनिटं, कलकत्त्याचा ५ तास ५३ मिनिटं. आपल्या बेळगावचा सूर्य मद्रासच्या २३ मिनिटं मागं, म्हणजे सूर्य बघून स्टेशनवर जाणाऱ्याची गाडी हमखास चुकणार. १९०६ पासून साडेपाच तासांचा इंडियन स्टँडर्ड टाइम आला, पण मुंबईनं काही लगेच ऐकलं नाही, तिथं मुंबई टाइम १९५५ पर्यंत टिकून होता, ३९ मिनिटं मागं. साडेपाचच का, पाच किंवा सहा का नाही असं पोरं विचारतात. देश रुंद आहे, गुजरातच्या टोकापासून अरुणाचलच्या टोकापर्यंत जवळपास २९ अंश, म्हणजे सूर्योदयात दोन तासांचा फरक, दोघांच्या मधलं घेतलं. आसामच्या चहामळ्यांत अजून बागान टाइम म्हणून एक तास पुढचं घड्याळ चालतं, कारण त्यांचा सूर्य लवकर उगवतो. नेपाळनं तर पावणेसहा घेतलंय. चीन एवढा अवाढव्य, पण सगळा एकाच घड्याळावर, त्यामुळं अफगाणिस्तान-चीन हद्दीवर एका पावलात साडेतीन तासांची उडी आहे.

आता समुद्रावर या.

जहाज जपानहून कॅलिफोर्नियाला निघालं की पूर्वेकडं चाललंय. सूर्याच्या सामोरं चाललंय, त्यामुळं दर दिवशी सूर्य थोडा लवकर भेटतो. म्हणून दर एक-दोन रात्रींनी कॅप्टन सांगतो, आज घड्याळ एक तास पुढं. आमच्याकडं तो तास तिन्ही वॉचमध्ये वाटून घ्यायचो, वीस वीस मिनिटं, म्हणजे कुणा एकाचीच झोप मारली जाऊ नये. तरी तो दिवस २३ तासांचा. दहा-बारा दिवसांच्या प्रवासात असे सात दिवस. सातव्या दिवशी मेसमध्ये कुणाचं तोंड बघण्यासारखं नसतंय, सगळे झोपेचे उपाशी. उलट पश्चिमेला येताना घड्याळ मागं, २५ तासांचे दिवस, माणसं गाणी म्हणतात.

जपान जीएमटी अधिक ९, कॅलिफोर्निया हिवाळ्यात वजा ८. घड्याळ सात तास पुढं केलं तर कॅलिफोर्नियाची वेळ मिळते का? वेळ मिळते, पण वार चुकतो, एक दिवस पुढचा दाखवतो. कारण खरं तर कॅलिफोर्निया जपानच्या १७ तास मागं आहे. ७ तास पुढं आणि २४ तास मागं, मिळून १७ मागं. ते २४ तास मागं करायचं ठिकाण म्हणजे तारीख रेषा, पॅसिफिकमध्ये १८० अंश रेखांशाच्या आसपास. त्या दिवशी लॉगबुकात आदल्या दिवसाचीच तारीख परत लिहायची. मंगळवार संपला की परत मंगळवार.

मी पोरांना हे चिल्लर आणि नोटेच्या भाषेत सांगतो. पूर्वेला जाणारा माणूस वाटेत एक एक तास चिल्लर देत जातोय, इथं एक तिथं एक. पूर्ण जगाला वळसा घातला तर अशी २४ तासांची चिल्लर खिशातून जाते. ती कुठं तरी परत मिळाली पाहिजे की नाही, नाहीतर घरी येईल तेव्हा त्याच्या डायरीत मंगळवार आणि घरच्यांच्या कॅलेंडरवर सोमवार. तर वाटेत एका नाक्यावर त्याला २४ ची नोट एकदम परत देतात. पश्चिमेला जाणाऱ्याचं उलट, त्याला वाटेत चिल्लर मिळत जाते आणि नाक्यावर २४ ची नोट काढून घेतात. तुमच्या मुलाचा रविवार ताई असाच नाक्यावर गेला. विमानात बसल्यावर मध्यरात्रीनंतर थोडा तुकडा त्याच्या वाट्याला आला असेल, पण झोपेत काय कळणार.

हा नाका नव्हता तेव्हा काय व्हायचं त्याचा पुरावा आहे. मॅगेलन नावाच्या दर्यावर्दीची मोहीम १५१९ ला स्पेनहून पश्चिमेला निघाली. मॅगेलन वाटेत फिलिपाइन्समध्ये मारला गेला, पण त्याचं एक जहाज, व्हिक्टोरिया, जगाला वळसा घालून १५२२ च्या जुलैत केप व्हर्दे बेटांवर लागलं. त्यावर पिगाफेटा नावाचा इटालियन होता, रोज न चुकता डायरी लिहिणारा. त्याच्या डायरीत बुधवार, आणि किनाऱ्यावरचे पोर्तुगीज सांगतात गुरुवार. तो म्हणाला मी एक दिवस पण चुकलेलो नाही, आणि खरंच चुकलेला नव्हता. तीन वर्षं सगळ्यांनी २४ तासांपेक्षा किंचित लांब दिवस काढले, रोज मिनिट-दोन मिनिटांची चिल्लर खिशात पडत गेली, कुणाला कळलं नाही, आणि शेवटी ती बरोबर एक दिवस भरली.

आता एक बारीक गोष्ट, जी भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. तारीख एका नाही, दोन जागी बदलते. एक जागा म्हणजे ही तारीख रेषा, ती जागची हलत नाही. दुसरी जागा म्हणजे मध्यरात्र, आणि ती सतत पूर्वेकडून पश्चिमेकडं फिरतीय. आत्ता बेळगावात मंगळवार दुपारचा एक वाजलाय असं धरा, म्हणजे जीएमटी सकाळचे साडेसात. पूर्वेकडं फोन लावत जा, बँकॉक, टोकियो, फिजी, १८० अंशापर्यंत पोचाल तर तिथं मंगळवार संध्याकाळचे साडेसात. आता पश्चिमेकडं फोन लावत जा, दुबई, लंडन, न्यूयॉर्क, वाटेत कुठंतरी मध्यरात्र मागं टाकाल आणि १८० ला दुसऱ्या बाजूनं पोचाल तर तिथं सोमवार संध्याकाळचे साडेसात. घड्याळ तेच, वार वेगळा. शर्टाला दोन शिवणी पाहिजेतच तसं हे आहे, एका शिवणीवर गोल बंद होत नाही. नवीन वार या रेषेवर जन्मतो आणि मध्यरात्रीबरोबर पश्चिमेकडं पसरत येतो. आपल्याकडं रात्री बारा वाजतात तेव्हा तो वार १८० अंशावर साडेसहा तासांचा झालेला असतोय.

आणि गंमत बघा, आपण दुपारी चहा घेतो ना, साडेतीन ते साडेचार, त्या वेळात जगात एकदम तीन तारखा चालू असतात. पॅसिफिकमधल्या किरिबाती देशाचं किरितिमाती बेट जीएमटी अधिक १४ वर, तिथं उद्या सुरू झालेला. अमेरिकन सामोआ वजा ११ वर, तिथं अजून काल संपायचाय. आणि आपण मध्ये, आज. माणूस राहत नसलेली बेटं धरली तर हे साडेपाचपर्यंत चालतंय.

अधिक १४ कसं काय, १२ च्या पुढं कसं जातंय, हा पुढचा प्रश्न. इथं आपल्या सीमाभागातल्या माणसाला जास्त समजावून सांगावं लागत नाही. रेषा निसर्ग ओढत नाही, टेबलावर बसलेली माणसं ओढतात. महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडला की बोर्डावरची लिपी बदलते, एसटीचा रंग बदलतो, जमीन तीच आणि घड्याळ पण तेच. तिकडं पॅसिफिकमध्ये घड्याळ तेच राहून तारीख बदलते, एवढाच काय तो फरक. १८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला परिषद भरली, तिथं ग्रीनिचचा रेखांश शून्य धरायचं ठरलं, फ्रान्स मतदानात तटस्थ राहिला. पुष्कळ जण म्हणतात तिथंच टाइम झोन आणि तारीख रेषा ठरली. नाही ठरली. तारीख रेषेवर आजही कुठला आंतरराष्ट्रीय करार नाही. ज्या त्या देशानं आपलं घड्याळ आणि आपली तारीख ठरवायची, आणि नकाशे काढणाऱ्यांनी त्यांच्यामधून वाट काढत रेघ ओढायची. शून्य ग्रीनिचला धरला म्हणून समोरची १८० ची रेघ बरीचशी समुद्रातून जाते, हे मात्र नशीब. जमिनीवरून गेली असती तर एका घरात सोमवार आणि शेजारी मंगळवार. रशियाचं पूर्व टोक तुटू नये म्हणून रेषा तिथं वळवलीय, खाली अल्युशियन बेटं अमेरिकेकडं राहावीत म्हणून परत उलटी वळवलीय. बेरिंग सामुद्रधुनीत डायोमीड नावाची दोन बेटं आहेत, मोठं रशियाचं, छोटं अमेरिकेचं, मध्ये जेमतेम चार किलोमीटर पाणी आणि हिवाळ्यात २१ तासांचा फरक. एका बेटावरून समोरचा उद्या नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

किरिबातीची बेटं रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली, एकाच देशात दोन वार. सरकारी ऑफिसं दोन्हीकडं एकदम चालू असायचे दिवस आठवड्यातून चारच. त्यांनी १९९५ उजाडताना पूर्वेकडची बेटं रेषेच्या पश्चिमेच्या बाजूला घेतली, घड्याळ तेच ठेवून तारीख एक दिवस पुढं, म्हणून ते अधिक १४, आणि नकाशावर रेषेला भलं मोठं पोट आलं. सामोआचं तर ऐकण्यासारखं आहे. १८९२ ला अमेरिकेशी व्यापार म्हणून ते अमेरिकेच्या बाजूला गेले आणि ४ जुलै दोनदा साजरा केला. शंभरावर वर्षांनी व्यापार सगळा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी सुरू झाला, पण यांचा शुक्रवार तो त्यांचा शनिवार, आणि यांचा रविवार तो त्यांचा सोमवार, आठवड्याचे दोन दिवस व्यवहारातून बाद. मग २०११ ला त्यांनी ३० डिसेंबर, शुक्रवार, पूर्ण गाळला. गुरुवारी रात्री झोपले, उठले तर शनिवार. शेजारची अमेरिकन सामोआ होती तिथंच राहिली, छोट्या विमानानं तासाभराच्या आतला प्रवास, घड्याळाला हात लावायचा नाही, फक्त तारीख बदलायची.

माझी स्वतःची फजिती पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा फारच हुशार. थर्ड ऑफिसर होतो, नवीन. अमेरिकेच्या किनाऱ्यावरून जपानला चाललो होतो, म्हणजे पश्चिमेला. कॅप्टननं सांगितलं पोचायची वेळ काढून बंदरावरच्या आपल्या एजंटला कळव. मी अंतर भागिले वेग केलं, जहाजाच्या कॅलेंडरात दिवस मिळवले, घड्याळाचे तास नीट मागं केले, १४ तारीख सकाळी सहा असं पाठवून दिलं. रेषा अजून पुढं होती, तिथं एक दिवस गळणार हे डोक्यातून गेलं. पायलट, म्हणजे जहाज बंदरात आत घेणारा तिथला वाटाड्या, १४ ला बुक झाला. आम्ही पोचणार १५ ला. सुदैवानं एजंटनं आमची दुपारची पोझिशन बघितली आणि विचारलं की तुमचं जहाज उडत येणार आहे का. कॅप्टन आमचा गोव्याचा, कोकणीत जे काही बोलला ते इथं लिहिता येत नाही. तेव्हापासून मी काहीही मोजायचं असलं तर आधी जीएमटी करतो. निघायची वेळ जीएमटीत, त्यात प्रवासाचे तास, आणि शेवटी जिथं पोचायचं तिथली वेळ. मध्ये रेषा ओलांडली का नाही ते बघायचीच गरज राहत नाही, तारीख आपोआप बरोबर येते. ताई, मुलाच्या तिकिटाचा हिशोब या पद्धतीनं करून बघा. शनिवार संध्याकाळचे साडेसात, १३ वजा, जीएमटी शनिवार सकाळचे साडेसहा. अधिक १२, संध्याकाळचे साडेसहा. वजा ८, सकाळचे साडेदहा. वार बदललाच नाही.

जहाजावर सगळ्यात मोठं भांडण मात्र तारखेवरून नाही, बिर्याणीवरून व्हायचं. भारतीय क्रू असला की रविवारी बिर्याणी, हा अलिखित कायदा. एकदा पश्चिमेला येताना रेषा बरोबर शनिवारी रात्री येत होती, म्हणजे रविवारच गायब. आमचा चीफ कूक रत्नागिरीचा, तो म्हणाला रविवार नाही तर बिर्याणी नाही, मटणाचा हिशोब आठवड्याला ठरलेला आहे. डेकवरच्या खलाशांचा मुकादम, बोसन, म्हणाला मग मी पण सोमवारी डेकवर येत नाही. शेवटी कॅप्टननं निकाल दिला, रविवार पाळायचा आणि गाळायचा तो सोमवार. रेषा शनिवारीच ओलांडली गेली, पण जहाजावरचा दिवस कुठला गाळायचा हे कॅप्टनच्या हातात असतंय, एक दिवस इकडंतिकडं चालतंय. रेषेच्या पलीकडं दिवसभरापेक्षा थोडं जास्तच आम्ही बिर्याणीसाठी चुकीच्या वारात राहिलो, आणि मी लॉगबुकात जीएमटीची तारीख बाजूला नीट लिहून ठेवली.

आता एकादशी. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून किती अंश पुढं गेला त्याचं माप, दर १२ अंशाला एक तिथी. ती सुरू होते तो क्षण सगळ्या जगाला एकच, बेळगावला वेगळा आणि अमेरिकेला वेगळा नसतो. पण दिवसाला तिथी कुठली म्हणायची हे त्या गावच्या सूर्योदयावरून ठरतं. समजा एकादशी आपल्या मंगळवारी सकाळी आठला लागली आणि बुधवारी सकाळी नऊला संपली. मंगळवारच्या आपल्या सूर्योदयाला ती लागलेली नाही, बुधवारच्या सूर्योदयाला आहे, म्हणजे आपली एकादशी बुधवारी. कॅलिफोर्निया हिवाळ्यात आपल्या साडेतेरा तास मागं. तिथं ती सोमवारी संध्याकाळी साडेसहाला लागली आणि मंगळवारी संध्याकाळी साडेसातला संपली. त्यांच्या मंगळवारच्या सूर्योदयाला एकादशी आहे, म्हणून सुनेची एकादशी मंगळवारी. तारीख वेगळी, पण दोघी एकाच एकादशीला उपाशी. संकष्टीला तर आपणच कॅलेंडरच्या मागं गावोगावचा चंद्रोदय बघतो, तसाच तिनं तिच्या गावचा बघायचा. दशमीवेध वगैरे बारकावे भटजींना विचारा, तो माझा विषय नाही. पण तिथल्या शहराचं पंचांग काढायला सांगा, इथलं कॅलेंडर बघून तिकडं उपास धरू नका.

राहिला मुलाचा वाढदिवस. फेब्रुवारीत आहे म्हणालात, आणि दरवर्षी तुम्ही रात्री बाराला फोन करता. तुमच्या रात्री बाराला तो आदल्या दिवशी सकाळी साडेदहाला ऑफिसात बसलेला असतोय, म्हणून पुटपुटत बोलतो, राग मानू नका. त्याच्याकडं बारा वाजतात तेव्हा तुमच्याकडं त्याच तारखेचा दुपारचा दीड. मार्च ते नोव्हेंबर त्यांचं घड्याळ एक तास पुढं जातं, तेव्हा साडेबारा, पण फेब्रुवारीत दीडच. जेवणं आटपून घ्या आणि लावा फोन.